आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकाने सरकारी प्रतिनिधी व्हायचे असेल तर

परराष्ट्र मंत्रालयाचा विधी व करार विभाग हे भारतातले मुख्य दार. तिथल्या विधी अधिकाऱ्यांची भरती यूपीएससी करते. आंतरराष्ट्रीय कायद्यातली एलएलएम आणि अनुभव जुळवून ठेवा. नेमक्या अटी त्या वेळच्या जाहिरातीतच बघा. नीरू चढ्ढा याच विभागाच्या प्रमुख होत्या. 2017 मध्ये त्या हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणावर निवडून गेल्या.

खरी अडचण येते ती लिखाणाची सवय बदलताना. संयुक्त राष्ट्रांच्या सहाव्या समितीत, म्हणजे आमसभेच्या कायदेविषयक समितीत, बोलायला मोजकी मिनिटे मिळतात. आधी मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक, लगेच देशाची भूमिका, मग आपल्या देशाने प्रत्यक्षात काय केले त्याचा दाखला. पंडिती चर्चा तिथे नको. वैयक्तिक मत तर नकोच, कारण तुमचे वाक्य देशाचे म्हणून नोंदले जाते आणि पुढे एखाद्या खटल्यात आपल्याच विरुद्ध काढले जाऊ शकते. म्हणून दिल्लीच्या लेखी सूचनेशिवाय नवी भूमिका मांडू नका, आणि बोलण्याआधी जुनी निवेदने काढून ताडून बघा.

देशादेशांतले करार कसे करायचे आणि पाळायचे याचे नियम 1969 च्या व्हिएन्ना करारात आहेत, पण भारत त्याचा पक्षकार नाही. त्यामुळे त्याचे कलम थेट बंधनकारक म्हणून पुढे करता येत नाही. तो नियम रूढीनेही, म्हणजे देश बंधन मानून तसे वागत आल्यामुळेही, लागू आहे हे दाखवावे लागते. नवखे इथेच हमखास अडकतात.

करारावर सही करायची असेल तर अधिकारपत्र, म्हणजे देशाच्या वतीने सही करण्याचा लेखी अधिकार, आधीच मागवा. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री यांना ते लागत नाही, तुम्हाला बहुधा लागतेच.