शाब्दिक उदाहरणातून दोन समीकरणं कशी मांडावीत

राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. तयार समीकरणं मुलं भराभर सोडवतात, शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबतं. अडतं ते मांडणीत.

सोलापुरातल्या चादरीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. एकाने ३ चादरी आणि ४ टॉवेल घेतले, बिल झालं १,९५० रुपये. दुसऱ्याने त्याच भावाने २ चादरी आणि ५ टॉवेल घेतले, बिल १,६५०. चादर केवढ्याला, टॉवेल केवढ्याला?

आधी शेवटचा प्रश्न वाचा. जे विचारलंय तेच चल. मग वहीत पूर्ण वाक्य लिहा: एका चादरीची किंमत क्ष रुपये आणि एका टॉवेलची य रुपये मानू. ‘क्ष = चादर’ असं कधीच लिहू नका. शिकवताना मला सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात. क्ष म्हणजे चादर धरली, तर ३क्ष म्हणजे तीन चादरी. त्यांत चार टॉवेल मिळवून १,९५० रुपये कसे होतील? क्ष ही किंमत धरली की ३क्ष म्हणजे तीन चादरींचे रुपये, आणि बेरीज जुळते.

आता एका बिलाचं एक समीकरण:

३क्ष + ४य = १९५०
२क्ष + ५य = १६५०

पहिल्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने गुणून वजाबाकी केली की ७य = १०५०. म्हणून य = १५०, क्ष = ४५०.

दुसरं उदाहरण शेंगा चटणीचं. २०० आणि ५०० ग्रॅमचे मिळून ४० पुडे, एकूण वजन साडेबारा किलो. इथे क्ष म्हणजे लहान पुड्यांची संख्या, य मोठ्यांची. एक समीकरण नगांचं, एक वजनाचं:

क्ष + य = ४०
२००क्ष + ५००य = १२५००

उजवीकडे १२.५ लिहिलंत तर एका बाजूला ग्रॅम, दुसरीकडे किलो. उत्तर: २५ लहान, १५ मोठे.

वजनाऐवजी ‘लहान पुडे मोठ्यांपेक्षा १० ने जास्त’ असं दिलं, तर घाईत क्ष + १० = य लिहिलं जातं. जे कमी आहेत त्यांच्यात १० मिळवायचे, म्हणून क्ष = य + १०.

ताळा मूळ उदाहरणातल्या शब्दांशी करा. समीकरणच चुकलं असेल, तरी त्यात उत्तर घातल्यावर ते जुळतंच. तीन चादरींचे १,३५०, चार टॉवेलांचे ६००, मिळून पहिलं बिल १,९५०. दुसरंही असंच तपासा.