नोकरी सोडण्याआधीच स्वतःचा आरोग्य विमा घ्या

स्वतःचं काम सुरू करताय? मग राजीनाम्याआधीच वैयक्तिक आरोग्य विमा काढा. कंपनीचा विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असू शकतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च मिळत नाही. हा कालावधी लवकर सुरू झालेला बरा. जोडीदाराच्या ऑफिसच्या किंवा व्यावसायिक संघटनेच्या गटविम्यात नाव घालता येतं का, तेही विचारा.

हप्ता जड वाटला तर विम्याची रक्कम कमी करू नका. त्यापेक्षा डिडक्टिबल जास्त घ्या, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, पुढचा कंपनीचा. तेवढे पैसे मात्र बाजूला हवेत. मधुमेह, रक्तदाब अर्जात लपवू नका, त्यावरून दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि हा विमा इस्पितळाचं बिल भरतो, बुडालेली कमाई नाही. तिच्यासाठी वेगळी तरतूद लागते.