एडिंबराला मिशनचा इतिहास शिकायला जाताय? मग अहवाल जपून वाचा

एडिंबरा विद्यापीठाचं न्यू कॉलेज, म्हणजे तिथला धर्मशास्त्राचा विभाग, मिशनरी घडवत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. आपल्याकडून वर्ल्ड ख्रिश्चॅनिटीच्या, म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाच्या, मास्टर्सला अर्ज करणारे अर्जात सरळ साक्षच लिहितात, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव. साक्ष मंडळीत, आपल्या चर्चमध्ये द्या. इथे विचारतात, कोणता काळ, कोणते कागद?

वर्ष एकच. सप्टेंबरात पोहोचायचं, पुढच्या ऑगस्टात प्रबंध द्यायचा. डिसेंबरात दुपारी पावणेचारला अंधार पडतो, त्याने खचू नका. सगळ्यांचंच तसं होतं.

खरा खड्डा मिशनच्या छापील अहवालांत आहे. ते सुबक, वाचायला सोपे, सालवार लावलेले. मी प्रबंधासाठी जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव घेतलं होतं, 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. पहिलं प्रकरण अहवालांवरच उभं केलं. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘हे कोणासाठी लिहिलं होतं?’ अर्थात देणगीदारांसाठी! स्कॉटलंडमधल्या चर्चमध्ये वर्गणी जमावी म्हणून बाप्तिस्म्यांचे आकडे पुढे, भांडणं गायब. कोण मंडळी सोडून गेलं, पगारावरून कोणाचं वाजलं, महार-मांग कुटुंबांना नेमकं काय हवं होतं, हे हुडकायचं तर हस्तलिखित पत्रांकडेच जावं लागतं. ती नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, कॉलेजपासून चालत जाण्याइतकी जवळ. टपालखर्च वाचवायला कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरच पुन्हा लिहिलेली पत्रं तिथे हाती येऊ शकतात. एका पानाला अख्खी सकाळ जाते. एआयकडून सारांश काढून घेणाऱ्यांचं मला हसू येतं. मुळात अक्षरच लागत नाही, सारांश कशाचा काढणार? आणि पत्रही कोणीतरी कोणालातरी लिहिलेलंच असतं. अहवाल आणि पत्र शेजारी ठेवा, काय गाळलंय ते बघा. प्रबंध तिथेच सापडतो.

मराठी येतं ही आपली मोठी जमेची बाजू. 1842 साली अहमदनगरला सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक आपण थेट वाचू शकतो, वर्गातले बाकीचे भाषांतरावर अवलंबून. लायब्ररीच्या सूचीत जालना सापडलं नाही तर घाबरू नका, जुन्या स्पेलिंगने शोधा: जे-ए-यू-एल-एन-ए.

मार्गदर्शक निवडताना मात्र मोठ्या नावाला भुलू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, कच्चा मसुदा किती दिवसांत वाचून परत येतो?