‘हा ग्रीक होता का?’ असा प्रश्न पडला की वही कशी मांडावी

प्राचीन ग्रीसचा इतिहास वाचायला लागले तेव्हा मी आधी नकाशा घेतला आणि रंगीत पेन्सिली काढल्या. ग्रीक निळे, ग्रीसच्या उत्तरेचे थ्रेसियन हिरवे, काळ्या समुद्राच्या उत्तरेचे भटके सिथियन तपकिरी. पश्चिम ग्रीसमधल्या अँफिलोखियापाशी पेन्सिल अडली. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की तिथल्या अर्गोस शहरातले लोक शेजारच्या अँब्रेशियावाल्यांकडून ग्रीक बोलायला शिकले आणि बाकीचे अँफिलोखियन मात्र बार्बारोसच, म्हणजे ग्रीक न बोलणारे परकेच, आहेत. लोक तेच, भाषेने दोन झालेले. रेघ मारायची कुठे? तेव्हापासून मी नकाशा रंगवत नाही, तक्ता मांडते. तुम्हीही तेच करा.

पानावर चार रकाने आखा: रक्त, भाषा, देवधर्म, चालीरीती. हे माझ्या मनचे नाहीत. ग्रीकांनी पर्शियाचं आरमार हरवलं त्या सलामिसच्या लढाईनंतर अथेन्स पर्शियाशी तह करेल अशी स्पार्टाला धास्ती वाटली. तेव्हा अथेन्सवाल्यांनी स्पार्टाच्या दूतांना जे उत्तर दिलं, त्यात आपण सगळे ग्रीक एक का, हे सांगताना इतिहासकार हिरोडोटस नेमक्या या चार गोष्टी देतो.

पाचवा रकाना मात्र माझा, आणि तो सगळ्यांत रुंद ठेवा: कोण म्हणतंय, केव्हा, कशापायी? मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर ऑलिंपियाला धावायला उतरला, तेव्हा ‘ही शर्यत ग्रीकांची, परक्यांची नाही’ अशी हरकत घेतली ती त्याच्याबरोबर धावणाऱ्यांनी! आपलं घराणं अर्गोसचं (वरचं नव्हे, दक्षिण ग्रीसमधलं) आहे हे त्याने पटवलं आणि पंचांनी त्याला ग्रीक ठरवलं. नुसतं ‘ग्रीक ठरला’ एवढंच टिपलंत, तर हरकत कोणाची होती हेच निसटतं.

वर्ष घातल्याशिवाय ओळ पुरी करू नका. इ.स.पू. 451 मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या कायद्याने अथेन्सचं नागरिकत्व आई-वडील दोघंही अथेन्सचे असतील त्यालाच उरलं. सलामिस जिंकून देणाऱ्या थेमिस्टोक्लीसची आई परकी होती. हा कायदा त्याच्या जन्माआधी असता तर तो नागरिकच ठरला नसता. पुढे खुद्द पेरिक्लीसला, मिलेटस या दुसऱ्या ग्रीक शहरातल्या अस्पाशियापासून झालेल्या आपल्या मुलासाठी सवलत मागावी लागली.

आणि ‘बार्बारोस’ला ‘रानटी’ लिहू नका. मुळात तो शब्द न कळणाऱ्या बोलीवरून आलेला आहे. होमर आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) नैर्ऋत्येकडच्या कॅरियन लोकांना त्यांच्या बोलण्यावरूनच तसं म्हणतो.

आता एक ओळ भरून पाहू. सिथियन राजा स्कायलीस. रक्त: बाप सिथियन, आई काळ्या समुद्राकाठच्या इस्त्रिया या ग्रीक शहरातली. भाषा: आईने ग्रीक बोली आणि अक्षरं दोन्ही शिकवली. इस्त्रियाजवळ सापडलेल्या सोन्याच्या अंगठीवर त्याचं नाव ग्रीक अक्षरांतच कोरलेलं आहे. चालीरीतींपाशी जरा थांबा. हा राजा फौज घेऊन बोरिस्थेनाइट लोकांच्या ग्रीक शहरापाशी यायचा, फौज बाहेर ठेवून एकटा आत शिरायचा, दरवाजे बंद व्हायचे. मग सिथियन पोशाख उतरवून ग्रीक कपडे घालायचा. कोणी सिथियनाने पाहू नये म्हणून वेशीवर पहारा असे. महिना-महिना असा राहून तो पुन्हा सिथियन वेशात बाहेर पडे. देवधर्म: मद्य आणि उन्मादाचा ग्रीक देव डायोनिसस, त्याची दीक्षा. तीच जिवावर बेतली. एका शहरवासीयाने सिथियन सरदारांना गुपचूप बुरुजावर नेलं, खालून राजा उन्मत्त मिरवणुकीत नाचत जाताना त्यांनी पाहिला. भावाने त्याचं डोकं उडवलं.

पाचव्या रकान्यात काय लिहाल? ही गोष्ट सांगणारा हिरोडोटस हॅलिकार्नाससचा. ग्रीक आणि कॅरियन सरमिसळ राहत असलेलं ते शहर, त्याच्या बापाचं नावही कॅरियन वळणाचं. सिथियन परक्या चाली कशा झिडकारतात याचा दाखला म्हणून तो ती सांगतो. त्यामुळे वेशीवरचा कपडेबदल मी जपून वाचते, पण अंगठी बाजूला सारता येत नाही.

कधी रकाना दोन्हीकडून भरतो, तेव्हा खोडाखोड करू नका. इ.स.पू. दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या पाथिरिसला घोडदळातल्या ड्रायटनची बायको कागदपत्रांत आपलं नाव ‘अपोलोनिया उर्फ सेनमोंथिस’ असं लावते. एक नाव ग्रीक, एक इजिप्शियन. खरं कोणतं, हे मी विचारत नाही. दोन्ही लिहिते, मध्ये ‘उर्फ’ ठेवते, आणि कोणत्या कागदावर कोणतं नाव आलं ते शेजारी टिपते.