आधी बॅटरीचा प्लग, मग बाकीचं

लॅपटॉप दुरुस्ती शिकायला निघालात म्हणजे रॅम काढून खोडरबराने घासणं, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरणं, एचडीएमआयला बाहेरचा मॉनिटर लावून बघणं, हे तुम्हाला येतंच असेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा मलाही येत होतं, आणि त्याच मस्तीत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात फुटलेला स्क्रीन बदलायचं काम मिळालं. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, बॅटरी तशीच ठेवली. नवा स्क्रीन लावला तर काळा. केबल पुन्हा बसवली, तरी काळाच. टॉर्च तिरपा धरला तेव्हा विंडोजचं लॉगिन पुसट दिसलं. चित्र येत होतं, मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला होता.

हे नीट समजून घ्या. लॅपटॉप बंद असला तरी आतली बॅटरी बोर्डाला वीज देतच असते. बऱ्याच बोर्डांवर बॅकलाइटची लाइन थेट बॅटरीच्याच दाबाची (व्होल्टेजची) असते. तीन सेलच्या बॅटरीवर ११-१२ व्होल्ट, काही बोर्डांवर चार्जर लावला की १९ च्या आसपास. स्क्रीनच्या केबलच्या त्याच ३० पिनांच्या कनेक्टरात ३.३ व्होल्टच्या पिनाही असतात. केबल जराशी तिरकी बसली की संपलं. नशीब बरं असेल तर कनेक्टरजवळचा चिमुकला फ्यूज उडतो. बॅटरी काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, फ्यूजची दोन्ही टोकं तपासा. बीप नाही म्हणजे तोच. नशीब फिरलं तर दाब थेट प्रोसेसरच्या लाइनवर जातो, मग तो बोर्ड भंगारात.

म्हणून कव्हर उघडलं की पहिला बॅटरीचा प्लग. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज काढा. त्यानंतरच डिस्प्ले, कीबोर्ड, टचपॅड. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्या यूट्यूबवाल्याचं ऐकू नका.

माझा फक्त फ्यूज गेला होता. उस्तादांनी भंगार बोर्डावरून दुसरा काढून लावला आणि महिनाभर टोमणे मारले. मारू देत. फ्यूजच्या जागी तार टाकणारे उस्तादही बाजारात आहेत. त्यांच्या हाताखाली फुकटसुद्धा शिकू नका. आणि एखादा बोर्ड जळला म्हणून घाबरून पळूही नका, इथे प्रत्येकाने एक तरी जाळलाय.

एक राहिलंच. ‘टचपॅड क्लिक होत नाही’ म्हणून गिऱ्हाईक आलं तर टचपॅड मागवायच्या आधी कव्हर उघडून बघा. बऱ्याचदा खाली बॅटरी फुगलेली सापडते. तिला स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.