जुन्या स्पोर्ट्‌स कारचा क्लब काढताय? या चुका टाळा

जुन्या गाड्यांचा क्लब बहुतेक गावांत एकाच पद्धतीने सुरू होतो. चार-पाच गाडीमालक व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, टी-शर्ट छापतात, रविवारी पहाटे हायवेला मिसळ खाऊन येतात. वर्षभरात ग्रुपवर नुसते सुप्रभातचे फोटो उरतात आणि शेडमधली एमजी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, होती तशीच धूळ खात राहते. माझं मत स्पष्ट आहे: असा क्लब मालकांचा नको, गाडीखाली शिरून काम करणाऱ्यांचा हवा.

गाडी असेल तरच सभासद

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तेव्हा ती डोळे भरून बघणाऱ्यांत आयटीआयची पोरं असतात, लेथवर उभी हयात काढलेले टर्नर असतात, पत्राकाम करणारे असतात. त्यांच्याकडे गाडी नाही, पण हातात कसब आहे. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत जन्म गेलेला माणूस एखादा तुटलेला ब्रॅकेट पाहून तो नव्याने ओतायला पॅटर्न (साच्याचा नमुना) कसा करायचा ते सांगतो. हे ज्ञान इंग्लंडहून पार्सलने येत नाही. अशांना सभासद करा, कमिटीत घ्या. आणि म्हाताऱ्या मिस्त्रींना ‘जरा येऊन बघून जा’ म्हणून फुकट राबवू नका. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, ते काम करताना एका पोराला शेजारी बसवा, जमलं तर व्हिडिओ काढून ठेवा.

पहिलाच घास मोठा

मन एमजी टीसीवर असतं हे कबूल. तरी क्लबची पहिली गाडी म्हणून मी स्टँडर्ड हेराल्डच सुचवेन. ती स्पोर्ट्‌स कार नाही, पण शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. मद्रासला बनलेली, त्यामुळे आपल्याकडे अजून सापडते. चेसिस (खालचा सांगाडा) वेगळी, बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे इंजिनाभोवती चौघं उभे राहून काम बघू शकतात. शिवाय ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्‌स कारची चेसिस हेराल्डवरूनच घडवलेली आहे. हेराल्डचं पुढचं सस्पेन्शन ज्याने खोलून जोडलं, त्याला उद्या स्पिटफायर परकी वाटणार नाही.

खोलायची घाई

पहिल्या रविवारी सगळे उत्साहात असतात आणि संध्याकाळपर्यंत गाडी नट-बोल्टच्या डब्यांत जमा होते. मग ती परत जोडता येत नाही. आधी फोटो, मग पाना. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी: कुठला भाग, कुठली बाजू, वॉशर किती, कुठल्या क्रमाने.

हे का, ते एमजीच्या टीसी-टीडीवर नीट कळतं. तिच्या 1250 सीसी इंजिनाच्या बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, पण आटे मेट्रिक आहेत. व्हिटवर्थचा पाना चपखल बसतो, म्हणून मिस्त्री आटेही ब्रिटिशच समजतो आणि तसा बोल्ट आवळतो. बरं, मेट्रिक म्हणून बाजारातून 8 मिमीचा बोल्ट आणला तरी फसगत होते: नेहमीच्या बोल्टच्या आट्यांतलं अंतर 1.25 मिमी असतं, इथे हवं 1 मिमी. दोन-तीन फेरे तो गोडीत जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले. बोल्ट अडला की थांबायचं, काढायचा, पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायची पट्टी) लावून बघायचा. हा नियम शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

याच गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. हल्लीच्या सवयीने निगेटिव्ह टोकच बॉडीला आहे असं धरून एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडलं तर ते जळू शकतं किंवा वायरिंगमध्ये घोळ होतो. बॅटरी लावायच्या आधी बघून घ्या.

कागद नंतर बघू

नंतर कोणी बघत नाही. गाडीला हात लावण्याआधी आरसी बुकवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचा. जुळत नसेल तर तिथेच थांबा. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच.

म्हणूनच ‘ओरिजिनल ठेवायची की मारुतीचं इंजिन टाकायचं’ हा वाद पहिल्याच बैठकीत मिटवा. दोन्ही बाजूंचे लोक एका क्लबात राहू शकतात, एका गाडीवर मात्र नाही.

क्लबचीही नोंदणी करा. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, महाराष्ट्रात पुढे धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंद होते. वर्गणी कोणाच्या खासगी खात्यात जमा होऊ देऊ नका.

पेट्रोल आणि जॅक

ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कची गॅस्केटं खराब करतं, इथेनॉल पाणीही ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत टाकी भरून ठेवू नका. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि गाडी सुरू झाल्यावर प्रत्येक जोडाखाली कोरडं फडकं फिरवून बघा.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी मिनिटभरही, जायचं नाही. स्टँड लावा, मग शिरा. टाकीजवळ वेल्डिंग असेल तर टाकी काढून दुसरीकडे न्या. रिकामी म्हणून विश्वास ठेवू नका, आतली वाफच पेटते. या बाबतीत अध्यक्षांचंही ऐकायचं नाही.

क्लब थंडावला असेल तर

बहुधा वर्षभर एकाच माणसाची गाडी शेडमध्ये आहे आणि बाकीचे तिच्यासाठी राबतायत. एका मालकाला सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त जागा देऊ नका. दर रविवारी एकच, त्याच दिवशी संपणारं काम ठरवा: एक ब्रेक ड्रम, एक एसयू (या गाड्यांतला ब्रिटिश कंपनीचा) कार्ब्युरेटर. पेंटिंगला मात्र शेवटपर्यंत हात लावू नका. गंजलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेली गाडी पहिल्या पावसाळ्यातच फुगते आणि लोकांचा हुरूपही तिथेच संपतो. गाडी शेडमध्ये घेताना एका कागदावर मालकाची सही घ्या: आत काय आलं, खर्च कोण करणार, मालक क्लब सोडून गेला तर खोललेली गाडी किती दिवसांत उचलायची.