एसबीआयआर मिळाली, आता स्टेटचं मॅच मागताय? या चुका टाळा

एसबीआयआरच्या फेज वनचं, म्हणजे पहिल्या टप्प्याचं, अवॉर्ड लेटर आलं की अमेरिकेत कंपनी काढलेल्या आपल्या लोकांचं पहिलं काम म्हणजे घरी फोन, आणि दुसरं म्हणजे "आता स्टेटचं मॅचही येईलच" असं धरून माणूस हायर करून मोकळं होणं. येईलच वगैरे काही नसतं हो. एसबीआयआर म्हणजे छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी मिळणारी ग्रँट, अमेरिकेच्या फेडरल सरकारची, 1982 पासूनची. मॅच म्हणजे त्यात राज्य घालतं ती भर. तो राज्याचा वेगळा कारभार, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी अशा काही राज्यांतच आहे, आणि तिथेही वेगळा अर्ज, वेगळी डेडलाइन, आणि बजेटमध्ये पैसे ठेवलेले असतील तरच. रक्कम आणि अटीही बदलत राहतात, त्यामुळे मित्राला दोन वर्षांपूर्वी किती मिळाले हे विचारत बसू नका, चालू वर्षाची नियमावली वाचा.

पत्त्याचा घोळ तर ठरलेला. कंपनीची नोंदणी डेलावेअर राज्यात, लॅब भलत्याच राज्यात, आणि अर्जावर पत्ता रजिस्टर्ड एजंटचा, म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी कागद घेणाऱ्याचा! राज्याला बघायचं असतं की काम, माणसं, पगार आपल्याकडे आहेत का. डेलावेअरची कंपनी चालते, पण तुमच्या राज्यात फॉरेन कॉर्पोरेशन (म्हणजे दुसऱ्या राज्यात स्थापन झालेली कंपनी) म्हणून नोंदणी हवी आणि सॅमवरचा, म्हणजे फेडरल नोंदणीच्या साइटवरचा पत्ता, लीज, पेरोल सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. केंटकी तर बाहेरून येऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांनाही बोलावते, पण तिथे खरंच राहायला यावं लागतं, नुसता मेलबॉक्स घेऊन भागत नाही.

सगळ्यात महागात पडते ती टाइमशीट. माझंच सांगतो, पहिल्या मॅचच्या वेळी एका इंजिनिअरचे मंगळवारचे आठ तास फेडरल शीटवरही होते आणि स्टेटच्या शीटवरही. लबाडी नव्हती, एक्सेल कॉपी करताना राहून गेलं, पण कागदावर ते एकाच कामाचे दोनदा पैसे घेणंच दिसतं. दोन दिवस जुने ईमेल उकरून कोण कशावर काम करत होतं ते शोधत बसलो. तेव्हापासून क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ग्रँटसाठी दोन वेगळे क्लास, म्हणजे खर्चाचे वेगळे गट, आणि टाइमशीट त्याच दिवशी भरायची, महिनाअखेरीला आठवून नाही.

मॅचचे पैसे खर्च कशावर करायचे इथेही लोक चुकतात. फेज वनमध्ये लिहिलेलं संशोधनच परत मॅचच्या अर्जात उतरवतात. मॅचचा फायदाच हा की फेडरल पैशातून सहसा जे जमत नाही, म्हणजे पेटंटचा वकील, ग्राहकांच्या भेटी, मार्केटचा अभ्यास, त्याला बऱ्याच ठिकाणी तो वापरता येतो. तुमच्या राज्यात काय चालतं ते प्रोग्राम मॅनेजरला ईमेलनेच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

मालकीकडेही लक्ष ठेवा. निम्म्याहून जास्त मालकी साधारणपणे अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांची लागते, त्यामुळे एच वन बीवरच्या फाउंडरने बहुमत स्वतःकडे ठेवलं असेल तर मूळ एसबीआयआरच अडते, मॅच तर लांबच. आणि 30 सप्टेंबर 2025 ला फेडरल प्रोग्रामच्या मंजुरीची मुदत संपली तेव्हा फेज टूच्या, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या, भरवशावर पगार ठरवलेल्यांची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

राहता राहिला टॅक्स. ग्रँट म्हणजे बक्षीस नव्हे, कंपनीचं उत्पन्न. जानेवारीत राज्याकडून 1099-जी, म्हणजे सरकारने दिलेल्या पैशांची टॅक्ससाठी नोंद करणारा फॉर्म येतो, आणि तोपर्यंत ते पैसे प्रोटोटाइपमध्ये गेलेले असतात, त्यामुळे चेक जमा झाला त्याच आठवड्यात सीपीएला, म्हणजे टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटला, फोन करून किती बाजूला ठेवायचे ते विचारा.